शक्तिप्रदर्शन की 'एहिपस्सिको'?

आपल्या रोजच्या बोलण्यात एक शब्द असा काही रुळला आहे की, तो परका आहे याची आठवणही कोणाला राहिलेली नाही. तो शब्द म्हणजे 'शक्तिप्रदर्शन'. इंग्रजीतल्या 'शो ऑफ स्ट्रेंथ' या शब्दप्रयोगाचे हे सरळ मराठी भाषांतर. उमेदवार निवडणुकीचा अर्ज भरायला शंभर गाड्या घेऊन निघाला की वर्तमानपत्रात मथळा येतो, 'अमुक यांचे जोरदार शक्तिप्रदर्शन'. पुढाऱ्याचा वाढदिवस असो, पक्षप्रवेश असो, की कारखान्याची निवडणूक असो, शब्द हाच. हिंगोलीपासून वसमतपर्यंत आणि सेनगावपासून कळमनुरीपर्यंत पानटपरीवर बसलेला निरक्षर माणूसही आज हा शब्द अचूक वापरतो.

पुढाऱ्यांनी तो वापरावा, आमचे काही म्हणणे नाही. परंतु हा शब्द आता आपल्या वस्तीत शिरला आहे. 'यंदाच्या जयंतीला असे शक्तिप्रदर्शन करायचे की गावाने बघत राहिले पाहिजे,' असे आपली तरुण मुले बोलू लागली आहेत. चौदा एप्रिलची मिरवणूक, धम्मपरिषद, एवढेच नव्हे तर दीक्षेचा कार्यक्रमसुद्धा याच शब्दाने मोजला जाऊ लागला आहे. तेव्हा बुद्धाच्या धम्माला आणि बाबासाहेबांच्या चळवळीला हा शब्द शोभतो काय, असा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. शब्दात काय आहे, असे कोणी म्हणेल. पण ज्या समाजाला हजारो वर्षे शब्दांनीच खाली दाबून ठेवले, त्याने तरी असे म्हणू नये. माणूस आपल्या कृतीला जे नाव देतो, तिकडेच ती कृती हळूहळू वळू लागते.

प्रथम या शब्दाचा वंश पाहू. त्यासाठी लांब जाण्याची गरज नाही. आपले हिंगोली गाव एकेकाळी फौजेची छावणी होते. निजामाच्या पैशाने पोसलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाखाली चालणारी 'हैदराबाद कंटिंजंट' नावाची फौज होती आणि तिच्या प्रमुख छावण्यांपैकी एक हिंगोलीला होती. याच फौजेच्या खर्चापोटी १८५३ साली निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात द्यावे लागले. अशी फौज रोज लढाई करीत नसते. ती कवायत करते, संचलन करते, तोफा ओढून नेते, बिगुल वाजवते. गोळी न झाडता रयतेच्या मनात धाक बसवणे हे तिचे खरे रोजचे काम. शक्तीचे प्रदर्शन ही मुळात राज्यकर्त्याची युक्ती आहे. तिला तीन गोष्टी लागतात: मोठी संख्या, मोठा आवाज, आणि रस्त्याच्या कडेला उभा असलेला, दिपून किंवा भिऊन गेलेला बघ्या. यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बघणारा दिपलाच नाही, तर प्रदर्शन फसले.

आता कोणी विचारील, 'गुरुजी, मग आमच्या लोकांनी रस्त्यावर येऊच नये काय?' या ठिकाणी आम्हांला अगदी स्पष्ट बोलले पाहिजे. रस्त्यावर येणे हा आपला हक्क आहे आणि तो फुकट मिळालेला नाही.

ज्यांना रस्ता वापरायला कोणी कधी अडवले नाही, त्यांना मिरवणूक ही केवळ हौस वाटते. ज्यांच्या आजोबांना चावडीसमोरून जाताना पायातली वहाण हातात घ्यावी लागली, त्यांना ती हौस नसते. त्याच चावडीसमोरून निळा झेंडा घेऊन ताठ मानेने चालत जाणे, हे त्यांच्या दृष्टीने माणूस म्हणून नाव नोंदवणे असते. महाडचा इतिहास आपण वर्षानुवर्षे सांगतो तो याचसाठी. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली मंजूर केला होता. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचेही ठरवले होते. कागदावर हक्क होता, पाण्यावर नव्हता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह चालत तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा तो कागदावरून पाण्यावर आला.

मराठवाड्याला तर हे अधिक सांगायला नको. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि खेड्याखेड्यांत आपल्या वस्त्या पेटल्या. तेव्हा हिंगोली हा परभणी जिल्ह्याचा एक तालुका होता. जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे ऑगस्ट १९७८ मध्ये मारले गेले. 'जयभीम' सोडायला त्यांनी नकार दिला म्हणून त्यांचा जीव घेतला गेला, अशी त्यांची आठवण आजही घरोघर सांगितली जाते. ही जुनी गोष्ट झाली, असे कोणी समजू नये. नांदेडजवळच्या बोंढार हवेली या गावी १ जून २०२३ रोजी आपल्या एका तरुणाचा खून झाला. गावात बाबासाहेबांची जयंती काढल्याचा राग त्यामागे होता, अशी त्याच्या घरच्यांची फिर्याद आहे. जिथे जयंती काढण्याची किंमत अशी मोजावी लागते, तिथे 'मिरवणुका कशाला काढता?' असा शहाजोग उपदेश करण्याचा अधिकार बाहेरच्या कोणालाही नाही. आम्ही हा लेख त्यांच्या बाजूने लिहीत नाही.

परंतु महाडकडेच पुन्हा एकदा नीट पाहावे, अशी आमची विनंती आहे. त्या दिवशी लोक तळ्याकडे गेले ते रांगेने आणि शिस्तीने. पाणी पिऊन झाल्यावर, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी खोटी अफवा गावात उठवण्यात आली. परिषदेच्या मंडपात जेवायला बसलेल्या आणि घराकडे निघालेल्या आपल्या माणसांना मारहाण झाली. प्रतिकार करू शकतील असे लोक बाबासाहेबांजवळ पुष्कळ होते. त्यांत फौजेत नोकरी करून आलेलेही होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. पुढे त्याच वर्षी डिसेंबरात हजारो सत्याग्रही पुन्हा महाडला जमले, तेव्हा विरोधकांनी कोर्टाचा मनाई हुकूम आणलेला होता. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला आणि लढा कोर्टात नेला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षे लागली.

आता सांगा, हे शक्तिप्रदर्शन होते काय? हजारो माणसे पाठीशी असताना त्यांना थांबवणे, हे कोणत्या शक्तिप्रदर्शनात बसते? महाडला शक्ती होती, यात शंका नाही. परंतु तिचा रोख बघ्याला दिपवण्याकडे नव्हता. तिला एक ठराविक काम करायचे होते, ते म्हणजे पाणी पिणे. ते काम झाले की ती परत फिरली. तळ्यावर गेलेला माणूस गावाला एवढेच सांगत होता की, 'मी तुझ्यासारखाच माणूस आहे.' शक्तिप्रदर्शन करणारा सांगत असतो, 'मी तुझ्यापेक्षा मोठा आहे.' या दोन वाक्यांतले अंतर आपण विसरू लागलो आहोत, ही आमची खरी काळजी आहे.

आता बुद्धाकडे वळू. दिपवून टाकण्याचा मोह बुद्धाच्या काळीही होता आणि तोही शिष्यांनाच होता. दीघनिकायातील केवट्ट सुत्तात याची मोठी बोलकी कथा आहे. नालंदेचा केवट्ट नावाचा गृहस्थ भगवंतांना म्हणतो की, नालंदा हे भरभराटीचे, दाट वस्तीचे नगर आहे. एखाद्या भिक्खूला इथे चमत्कार करून दाखवायला सांगा, म्हणजे लोकांची आपल्यावरची श्रद्धा आणखी वाढेल. केवट्टाची मागणी आजच्या भाषेत सांगायची तर अगदी साधी होती: 'भंते, एक शक्तिप्रदर्शन होऊन जाऊ द्या!'

भगवंतांनी नकार दिला. त्यांनी दिलेले कारण प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. समजा, एखाद्या भिक्खूने अद्भुत काही करून दाखवले आणि श्रद्धावान माणसाने ते अश्रद्ध माणसाला सांगितले. अश्रद्ध माणूस म्हणेल, 'हो, गांधारी नावाची एक विद्या आहे, तिच्या जोरावर हे करता येते.' म्हणजे ज्याला पटवायचे, त्याला तर ते पटतच नाही! ज्याची श्रद्धा आधीच आहे, तोच टाळ्या वाजवतो. म्हणून असल्या चमत्काराचा आपल्याला उबग येतो, असे भगवंत सांगतात. पुढे ते म्हणतात की, खरा चमत्कार शिकवणीचा. 'असा विचार करा, असा करू नका; हे सोडा, हे अंगी बाणवा,' असे सांगावे आणि माणसाने आतून बदलावे, हा तो चमत्कार. पालीत याला 'अनुसासनी' म्हटले आहे.

अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे निदान आजच्या शक्तिप्रदर्शनाला लावून पाहा. आपल्या मिरवणुकीत दोन हजार लोक आले, असे आपण अभिमानाने सांगतो. विरोधक काय म्हणतो? 'माणसे बाहेरगावहून आणली होती.' पन्नास गाड्या होत्या? 'डिझेलचे पैसे अमक्याने दिले.' म्हणजे ती गांधारी विद्याच! आणि पुढच्या महिन्यात तो साठ गाड्या आणतो. शक्तिप्रदर्शनाला उत्तर शक्तिप्रदर्शनानेच मिळते आणि या शर्यतीत ज्याच्याजवळ जास्त पैसा तो जिंकतो. आपल्या समाजाजवळ, वाचकहो, सर्वांत कमी काय आहे, हे सांगायला हवे काय?

विनयपिटकातली पिंडोल भारद्वाजाची कथा याहून कडक आहे. राजगृहातल्या एका श्रेष्ठीने चंदनाचे भिक्षापात्र उंच बांबूवर टांगले आणि जाहीर केले की, कोणी अर्हंत ऋद्धिमान असेल त्याने ते काढून घ्यावे. पिंडोल भारद्वाजाने ते काढले आणि लोक आरडाओरडा करीत त्याच्यामागे लागले. हा गलका कानावर पडताच भगवंतांनी आनंदाला विचारले, हा कसला आवाज? हकीकत कळल्यावर पिंडोलाला सर्वांसमक्ष खडसावण्यात आले, गृहस्थांपुढे असे प्रदर्शन न करण्याचा नियम घालण्यात आला आणि ते पात्र फोडून त्याची पूड भिक्खूंना डोळ्यांच्या अंजनात घालायला देण्यात आली. माणूस आकाशात उडाला हे आपण बुद्धिवादी लोक मानणार नाही, मानण्याची गरजही नाही. घेण्यासारखे आहे ते शेवटचे कलम. जे पात्र लोकांचे डोळे दिपवण्यासाठी उंच टांगले होते, ते दुखऱ्या डोळ्यांच्या औषधाला लागले.

धम्माचे वर्णन करताना आपण रोजच्या वंदनेत एक शब्द म्हणतो, 'एहिपस्सिको'. 'ये आणि पाहा' असा त्याचा भाव. वरवर पाहता यातही दाखवणे आहे. मग फरक कोठे? शक्तिप्रदर्शन म्हणते, 'बाजूला हो आणि बघ.' धम्म म्हणतो, 'जवळ ये आणि पाहा, तपासून पाहा, पटले तर घे.' तिथे बघणारा लहान होतो, इथे तो बरोबरीचा होतो. तिथे त्याची विचारशक्ती काही वेळ बंद पाडायची असते, इथे ती जागी करायची असते. आमच्या मते सगळा प्रश्न या एका फरकात आहे.

आपल्या जिल्ह्यातीलच एक प्रसिद्ध आख्यायिका घ्या. नरसीचे संत नामदेव औंढ्याला नागनाथाच्या देवळासमोर कीर्तन करीत होते. पुजाऱ्यांनी त्यांना हटकले आणि देवळाच्या मागे जायला सांगितले. नामदेव मागे गेले, तिथे कीर्तन सुरू केले आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले, अशी ती कथा. औंढ्याला येणारा प्रत्येक माणूस ती ऐकतो आणि हात जोडतो. देऊळ कसे फिरले, याची चर्चा शेकडो वर्षे चालू आहे. पण नामदेवांना, एका शिंप्याला, मागे का पाठवले, हा प्रश्न विचारणारा विरळा. चमत्काराने नेमका प्रश्नच गिळून टाकला! दगडाचे देऊळ फिरले म्हणतात. पाठवणाऱ्यांची मने फिरली काय? कोणतेही भव्य प्रदर्शन हा धोका पोटात घेऊनच येते. ते डोळे भरून टाकते आणि प्रश्न रिकामा सोडते.

इथे एखादा अभ्यासू वाचक आम्हांला अडवील. 'सम्राट अशोकाचे काय? त्याने तर स्वतः देखावे दाखवले होते!' हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अशोकाच्या चौथ्या शिलालेखात आले आहे की, त्याच्या धम्माचरणामुळे नगाऱ्याचा घोष हा धम्माचा घोष झाला, आणि लोकांना विमानांचे, हत्तींचे, अग्निपुंजांचे देखावे दाखवण्यात आले. म्हणजे देखावा मुळातच पाप, असे म्हणता येत नाही. पण त्याच लेखाचा रोख पाहा. त्या देखाव्यानंतर काय वाढले, याची यादी अशोक देतो: प्राण्यांची हत्या न करणे, आप्तांशी नीट वागणे, आईबापांची आणि वडीलधाऱ्यांची सेवा. किती हत्ती होते, हा आकडा तो देत नाही. ज्या नगाऱ्याने कलिंगात माणसे मारायला सैन्य पुढे नेले, तोच नगारा त्याने चांगल्या वागणुकीच्या निरोपाला लावला.

आपल्याच महाराष्ट्रात, सोपाऱ्याजवळ भुईगावला, अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा एक तुकडा १९५६ साली, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी, सापडला. त्या नवव्या लेखाचा विषय नेमका आपला आहे. आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना प्रकारचे समारंभ करतात. त्यांचे फळ थोडे. खरे फळ धम्ममंगलाचे. आणि ते मंगल म्हणजे काय? दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, जिवांविषयी संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान. एका सम्राटाने, ज्याच्याजवळ हत्ती, सैन्य आणि खजिना सर्व काही होते, समारंभाची किंमत नोकराशी होणाऱ्या वागणुकीने मोजली.

मग आपल्या समारंभांची किंमत आपण कशाने मोजायची? आमच्या मते तीन प्रश्न पुरेसे आहेत.

पहिला प्रश्न: रस्त्याच्या कडेला उभा राहिलेला माणूस मनात काय घेऊन घरी जातो? आपल्या गावातले इतर समाजांचे गरीब शेतकरी, सालगडी, हातावर पोट असलेली माणसे त्या कडेला उभी असतात. त्यांना बाबासाहेबांचे एक वाक्य कळले काय? शेतमजुरासाठी, बाईच्या वारसाहक्कासाठी, कामाच्या तासांसाठी या माणसाने काय केले, हे कोणी त्यांना चार मिनिटे थांबवून सांगितले काय? की छातीत धडधडणारा आवाज आणि डोळ्यांत घुसणारा लेझरचा झोत, एवढेच त्यांच्या वाट्याला आले? तो माणूस भ्याला असेल तर भीती ओसरल्यावर त्याचा राग होतो, आणि त्या रागाची किंमत गावात एकट्या पडलेल्या आपल्या चार घरांना मोजावी लागते. शहरातले शक्तिप्रदर्शन शहरात विरून जाते. खेड्यातले खेड्यात वर्षभर मुक्काम करते.

दुसरा प्रश्न: आपल्यातल्या सर्वांत दुबळ्या माणसावर त्याचा बोजा किती पडतो? जयंती येते ती आपल्या भागात हळद काढून शिजवण्याच्या दिवसांत. दिवसभर उन्हात राबलेल्या बाईच्या मजुरीतून वर्गणी जाते. ती आनंदाने देते, कारण बाबासाहेबांच्या नावाला ती 'नाही' म्हणूच शकत नाही. म्हणूनच तो पैसा कशावर खर्च होतो, याची जबाबदारी अधिक मोठी. त्याच वस्तीत दम्याचा म्हातारा असतो, तान्हे मूल असते, परीक्षेला बसलेली मुलगी असते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. ज्या माणसाने देशाला कायद्याचे राज्य दिले, त्याच्याच जयंतीला कायद्याची मर्यादा ओलांडणे, हे त्याच्या कोणत्या ग्रंथात बसते?

'मग बाकीचे करतात ते चालते काय? नियम फक्त आम्हांलाच काय?' हा तरुणांचा प्रश्न आम्ही दरवेळी ऐकतो आणि त्यातला राग आम्हांला पूर्ण समजतो. हिंगोलीचा दसरा दूरवर गाजलेला आहे. प्रदर्शन भरते, रामलीला मैदानावर रावण जळतो, लोटालोट होते, कोणी नाक मुरडत नाही. आपण चार स्पीकर लावले की मात्र सर्वांना शांतता आठवते! हा दुटप्पीपणा आहे आणि जिथे तो दिसेल तिथे आपण तो बोलून दाखवला पाहिजे. पोलीस परवानगी देताना भेद करीत असतील, तर तेही सनदशीर मार्गाने विचारले पाहिजे. परंतु एक विचार करा. 'ते करतात म्हणून आम्ही करतो' असेच म्हणायचे होते, तर १९५६ साली आपण निघालो कशासाठी? त्यांच्यासारखे होण्यासाठी धर्मांतराची काय गरज होती? हक्क बरोबरीचा मागावा; नक्कल मागू नये. हक्क शाबूत ठेवून तो कसा वापरायचा हे आपले आपण ठरवणे, हेच स्वतंत्र माणसाचे लक्षण आहे.

तिसरा प्रश्न: दुसऱ्या दिवशी सकाळी काय उरते? या प्रश्नाचे उत्तर पाहायचे तर नागपूरकडे पाहावे. १४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी. लाखो माणसे जमली होती. त्यापेक्षा मोठी शक्ती या शतकानुशतके तुडवलेल्या समाजाने कधी एकत्र पाहिली नव्हती. त्या माणसांच्या अंगावर काय होते? जमेल तशी धुतलेली पांढरी वस्त्रे. आवाज कोणता होता? त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञांचा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय झाले? बाबासाहेबांनी लोकांना पुन्हा एकत्र बसवून दीर्घ भाषण केले. हे आपण का केले, नागपूरच का निवडले, पुढची जबाबदारी काय, हे सर्व समजावून सांगितले. इतर लोक आपला मान राखतील असे आपले वागणे झाले पाहिजे, हा त्या भाषणाचा एक आशय होता. प्रकृती ढासळलेली, दोन महिनेही आयुष्य उरलेले नाही, आणि लाखोंच्या जयजयकारात न रमता तो माणूस शिकवत बसला! केवट्टाला भगवंतांनी सांगितलेला शिकवणीचा चमत्कार तो हाच.

त्याच बाबासाहेबांनी १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानड्यांवर बोलताना विभूतिपूजेचा खरपूस समाचार घेतला होता, आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत राजकारणातली भक्ती ही अधःपाताची वाट आहे, असा इशारा दिला होता. त्यांचेच फोटो वीस फुटांचे करून त्यांचीच ही वाक्ये आपण विसरावीत, याला काय म्हणावे? कुशीनारेला शालवृक्षांखाली भगवंत पडले होते, तेव्हा अवेळी फुलांचा वर्षाव झाला, असे महापरिनिब्बान सुत्तात वर्णन आहे. भगवंत आनंदाला म्हणाले की, तथागताचा खरा सन्मान या फुलांनी होत नाही. जो भिक्खू, भिक्खुणी, उपासक वा उपासिका धम्मानुसार वागते, तीच सन्मान करते. जिथे आकाशातली फुले पुरली नाहीत, तिथे आपली भाड्याची यंत्रे काय पुरणार?

म्हणून, वाचकहो, आमचे नम्र सांगणे असे. मिरवणूक काढा. ज्या गावात ती कधी निघाली नसेल तिथे तर जरूर काढा. परवानगी घेऊन, लेकीबाळी पुढे घालून, भरदिवसा, गावाच्या मुख्य रस्त्याने काढा. कोणी अडवले तर कायद्याने लढा, मागे हटू नका. पण तिला शक्तिप्रदर्शन म्हणू नका आणि शक्तिप्रदर्शन होऊ देऊ नका. चौकाचौकात पाच मिनिटे आवाज थांबवा आणि आपल्यातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीला बोलू द्या. शेजारच्या वस्तीतल्या लोकांना आधी जाऊन बोलावणे करा. ते आले नाहीत तरी बोलावणे आपण केले, हे त्यांना माहीत राहील. वर्गणीचा हिशेब विहाराच्या भिंतीवर लावा आणि उरलेल्या पैशातून पुस्तकांचे एक कपाट घ्या. पुढच्या जयंतीला त्या कपाटातली किती पुस्तके वाचून झिजली, हा आकडा सांगा. तो आकडा ऐकून विरोधक 'भाड्याने आणली' असे म्हणू शकणार नाही.

शक्ती नको, असे आम्ही म्हटलेले नाही. दुबळ्यांच्या अहिंसेचे कौतुक करून त्यांना दुबळेच ठेवणारे पुष्कळ झाले. आपल्याला शक्ती हवीच आहे. पण टेंभुर्णीच्या त्या माणसाजवळ त्या दिवशी ना गाड्या होत्या, ना झेंडे होते, ना पाठीशी जमाव होता. तरीही एका शब्दावर तो ठाम राहिला आणि सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, विद्यापीठाच्या कमानीवर बाबासाहेबांचे नाव लागले. खरी शक्ती दाखवावी लागत नाही, ती उपयोगी पडते. ती कोणाला हवी असेल, तर त्याला आपण एवढेच म्हणावे: ये आणि पाहा.

जयभीम.